तुटलेलं कनेक्शन आणि दुबार पावती

सकाळची पहिली पावती फसते. दुसरी निघते, आणि मग दिवसभर काही तक्रार नसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलीच फसते. अडत दुकानाचं, जिनिंगच्या काट्याचं किंवा गावच्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला हा फोन कधी ना कधी येतोच: "काहून बा, तुमचं सर्व्हर रोज सकायी झोपलेलंच राह्यते?" उत्तरही ठरलेलं असतं, "एकदा रिफ्रेश करून पाहा." रिफ्रेश केलं की चालतं, म्हणून कोणी खोलात जात नाही. मुनीमजी तर ते कामाचा भागच धरून चालतात. आधी एक खोटी पावती टाकायची, मग खरी.

यात गूढ काही नाही. दुकान संध्याकाळी सातला बंद झालं आणि सकाळी दहाला उघडलं, तर मधे पंधरा तास गेले. मायएसक्यूएलची मूळ सेटिंग अशी आहे की एखादं कनेक्शन 28,800 सेकंद, म्हणजे आठ तास, गप्प राहिलं की डेटाबेस ते आपल्या बाजूने बंद करतो. या सेटिंगचं नाव 'वेट टाइमआउट'. म्हणजे रात्री तीनच्या सुमारास सगळी कनेक्शनं मिटली. ॲप्लिकेशनला मात्र त्याचा पत्ता नाही. त्याच्या हिशेबी पूलमध्ये पाच-दहा कनेक्शनं तयार बसलेली आहेत. सकाळी बटण दाबलं, पूलने त्यातलं एक काढून दिलं आणि लॉगमध्ये चूक क्रमांक 2006 उमटला: सर्व्हर निघून गेला आहे.

पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांत हा दोष वर्षानुवर्षं दिसत नाही, कारण तिथलं सॉफ्टवेअर चोवीस तास कोणीतरी वापरत असतं. कनेक्शन आठ तास काय, आठ मिनिटंही रिकामं बसत नाही. ट्युटोरियल लिहिणारेही बहुधा तसल्याच जगातले, म्हणून ते या विषयावर दोन ओळींत हात झटकतात. दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूरकडच्या सॉफ्टवेअरचा दिवस वेगळा असतो. हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारट, ओलीत मर्यादित, शेती बहुतेक पावसावर. त्यामुळे माल वर्षभर थोडा थोडा न येता हंगामाहंगामाने एकदम येतो: मूग-उडीद, मग सोयाबीन, दिवाळीच्या पुढेमागे कापूस, नंतर तूर आणि हरभरा. तेव्हा काट्यापुढे ट्रॅक्टरची रांग असते. एरवी रात्र, रविवार, पोळा, दिवाळीची सुटी, सॉफ्टवेअर नुसतं बसून. रिकामपणात कनेक्शन मरतं आणि गर्दीत ते पुरत नाही. आपल्याकडच्या ॲपला हे दोन्ही आजार आलटूनपालटून होतात, आणि मुनीमजींच्या भाषेत दोन्हींचं नाव एकच असतं: सर्व्हर डाऊन.

कनेक्शन उघडणं स्वस्त नसतं. टीसीपीची देवाणघेवाण, त्यावर टीएलएस, मग पासवर्डची तपासणी. पोस्टग्रेस तर प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस उभी करतो. म्हणून थोडी कनेक्शनं आधीच उघडून ठेवायची, मागेल त्याला द्यायची, काम झालं की परत घ्यायची. हा पूल. एसटी स्टँडजवळच्या भाड्याच्या सायकलीच्या दुकानासारखा हा व्यवहार. तिथला माणूस सायकल हातात देण्याआधी चाक अंगठ्याने दाबून बघायचा. तुमचा पूल चाक दाबून बघतो की नाही, हा या लेखातला पहिला प्रश्न. सायकल अर्ध्या रस्त्यात पंक्चर झाली तर काय, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सेटिंगमध्ये मिळतं. दुसऱ्याचं कुठल्याही सेटिंगमध्ये नाही, ते तुम्हाला लिहावं लागतं. बहुतेक लोक पहिलं करून थांबतात, आणि दुबार पावत्या निघतात त्या दुसऱ्यामुळे.

मरण्याचे प्रकार

सगळी कनेक्शनं एकाच तऱ्हेने मरत नाहीत, आणि उपाय मरण्याच्या तऱ्हेवर ठरतो.

सगळ्यात सभ्य मरण म्हणजे डेटाबेसने स्वतः बंद करणं: वर सांगितलेली आठ तासांची मुदत, किंवा डेटाबेस रीस्टार्ट. यात समोरून 'मी बंद करतोय' असा टीसीपीचा निरोप येतो. पण रिकाम्या कनेक्शनवर कोणी कान लावून बसलेलं नसतं, म्हणून तो निरोप तसाच पडून राहतो. पुढची क्वेरी पाठवली की लगेच चूक मिळते. लगेच मिळते हे महत्त्वाचं. अशी चूक पकडणं सोपं.

वाईट मरण असतं ते मधल्या पेटीचं. ॲप आणि डेटाबेस यांच्या मधे फायरवॉल, लोड बॅलन्सर किंवा नॅट असतो, आणि तो प्रत्येक चालू कनेक्शनची नोंद आपल्या तक्त्यात ठेवतो. काही वेळ हालचाल दिसली नाही की नोंद पुसतो. ॲमेझॉनच्या नॅट गेटवेत ही मुदत 350 सेकंद आहे, ॲझ्युरच्या लोड बॅलन्सरची मूळ मुदत 4 मिनिटं, गूगल क्लाउडच्या फायरवॉलची 10 मिनिटं. काही पेट्या पुढच्या पॅकेटला निदान नकार तरी कळवतात. काही नुसतं पॅकेट गिळतात. तेव्हा ॲपला वाटतं, उत्तर येईल. लिनक्स ते पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि मूळ सेटिंगमध्ये साधारण पंधरा मिनिटांनी हार मानतो. तोवर पडद्यावर गोल फिरत असतो, शेतकरी खिडकीपाशी उभा असतो आणि मुनीमजी तेच बटण पुन्हा दाबत असतात.

तिसरं मरण विजेचं, आणि ते आपल्याकडे नेहमीचं. डेटाबेस दुकानाच्याच मागच्या खोलीत असेल तर लाइट जाताच तो कोणालाही न सांगता जातो. इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहू नका, आधी जाऊन बघा की नेटवर्कचा स्विच आणि राउटर इन्व्हर्टरवर आहेत का. अनेक ठिकाणी कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर असतो, सर्व्हर यूपीएसवर असतो, आणि त्या दोघांना जोडणारा पाच-आठ पोर्टचा छोटा स्विच पंख्याच्या बोर्डावरून साध्या लाइटवर चालत असतो. लाइट गेली की दोन्ही टोकं जिवंत आणि मधला दुवा मेलेला. याच्यावर कोड लिहून उपयोग नाही. दहा फुटांची वायर लागते.

जागेवरून आणखी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती सगळ्या सेटिंगपेक्षा मोठी आहे. दुकानातल्या कॉम्प्युटरवरचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर गावच्या ब्रॉडबँडवरून थेट मुंबईच्या क्लाउडमधल्या डेटाबेसला जोडू नका. रस्त्याचं खोदकाम, फायबर कट, मोबाइल हॉटस्पॉटवर उडी, या सगळ्याचा मार डेटाबेसच्या कनेक्शनवर बसतो, आणि ते कनेक्शन असल्या रस्त्यासाठी बनलेलं नसतं. शिवाय डेटाबेसचं पोर्ट जगाला उघडं ठेवावं लागतं, तो धोका वेगळाच. ॲप्लिकेशन सर्व्हर डेटाबेसच्या शेजारी ठेवा. खराब लाइन ब्राउझर आणि ॲप यांच्या मधे असू द्या. तिथे तुटलं तर एक वेब रिक्वेस्ट तुटते, ट्रान्झॅक्शन अर्धवट लोंबकळत राहत नाही.

चाक दाबून बघणं

जावावाल्यांकडे आजकाल बहुधा हिकारीसीपी असतो. स्प्रिंग बूट 2 पासून तोच मूळ पूल आहे. त्याची मूळ सेटिंग बरीच शहाणी आहे: जास्तीत जास्त 10 कनेक्शनं, प्रत्येकाचं आयुष्य 30 मिनिटं, आणि देताना जिवंत आहे का याची तपासणी. अर्ध्या सेकंदाच्या आत वापरलेलं असेल तर मात्र तो तपासत नाही. आयुष्य 30 मिनिटांचं असल्यामुळे आठ तासांचा प्रश्न आपोआप सुटतो. सगळी कनेक्शनं एकाच क्षणी म्हातारी होऊ नयेत म्हणून तो प्रत्येकाच्या आयुष्यात थोडा फरकही ठेवतो. तुम्ही करायचं ते एवढंच: मधे लोड बॅलन्सर किंवा फायरवॉल असेल तर 'कीपअलाइव्ह'ची वेळ त्या पेटीच्या मुदतीहून कमी ठेवा. चार मिनिटांच्या पेटीसाठी दोन मिनिटं ठीक. डेटाबेसवाल्याने मुदत पाच-दहा मिनिटांवर आणली असेल तर कनेक्शनचं कमाल आयुष्यही त्याहून काही सेकंद कमी करा.

पायथनच्या एसक्यूएलअल्केमीत उलट आहे. मूळ सेटिंगमध्ये ना तपासणी, ना आयुष्याची मर्यादा. सकाळच्या पहिल्या पावतीचा रोग इथे हमखास. 'पूल प्री पिंग' चालू करा आणि 'पूल रिसायकल' 1800 सेकंदांवर ठेवा. प्री पिंगला एखादं कनेक्शन मेलेलं सापडलं तर तो त्या क्षणाआधी उघडलेली पूलमधली बाकीची सगळी कनेक्शनंही बाद धरतो. हे योग्यच आहे, कारण डेटाबेस रीस्टार्ट झाल्यावर एकच मेलेलं असण्याची शक्यता कमी. जँगोत मूळ सेटिंग दर रिक्वेस्टला नवं कनेक्शन उघडते. सावकाश, पण हा रोग नाही. वेग हवा म्हणून कनेक्शनचं वय वाढवलंत तर 4.1 या आवृत्तीपासून मिळणारी कनेक्शनची आरोग्य तपासणीही सोबत चालू करा. नुसतं वय वाढवून सोडून देणारे बरेच असतात.

नोडमध्ये पोस्टग्रेसचा पूल वापरणाऱ्यांसाठी वेगळाच सापळा आहे. रिकाम्या कनेक्शनवर चूक आली की पूल 'एरर' ही घटना उडवतो. ती पकडणारं कोणी नसेल तर अख्खी प्रोसेस कोसळते. म्हणजे डेटाबेस दोन सेकंद गेला आणि ॲप मात्र कायमचं पडलं. एका ओळीचा उपाय आहे, पण ती ओळ लिहायची राहून जाते.

तपासणीने दर वेळी एक फेरी वाढते, मग वेग कमी होणार नाही का, असं कोणी विचारेल. ॲप आणि डेटाबेस शेजारी असतील तर ती फेरी मिलिसेकंदाच्या आसपासची. काट्यावर मिनिटाला चार पावत्या निघतात तिथे तिचा हिशेब करत बसू नये.

तपासणीपेक्षा जास्त दुर्लक्षित आहेत ते टाइमआउट. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल, दोन्हींच्या जावा ड्रायव्हरमध्ये सॉकेट टाइमआउट मूळ सेटिंगला शून्य आहे, म्हणजे अनंतकाळ वाट पाहा. पॅकेट गिळणारी पेटी मधे असेल तर वर सांगितलेली पंधरा मिनिटं इथूनच येतात. तुमची सगळ्यात लांब क्वेरी किती वेळ घेते ते बघा आणि त्याहून थोडा जास्त सॉकेट टाइमआउट द्या. महिनाअखेरचा मोठा अहवाल मिनिटभर चालत असेल तर त्याच्यासाठी वेगळा पूल करा. पावतीच्या पूलला दहा सेकंद पुष्कळ. हिकारीसीपीत कनेक्शन मिळण्याची वाट मूळ सेटिंगला 30 सेकंद पाहिली जाते. ती तीन ते पाच सेकंदांवर आणा. खिडकीपाशी उभा माणूस तीस सेकंद थांबत नाही. तो बटण पुन्हा दाबायला लावतो.

आता गर्दीतला आजार. 'कनेक्शन उपलब्ध नाही, 30000 मिलिसेकंदांनी मुदत संपली' अशी चूक दिसली की लोक लाइनला दोष देतात. लाइन बहुधा ठीक असते. त्याच ओळीत किंवा शेजारच्या लॉगमध्ये एकूण, कामात, रिकामी आणि रांगेत किती, हे आकडे असतात. एकूण 10, कामात 10, रिकामी 0, रांगेत 25 असं दिसलं तर कनेक्शन तुटलेलं नाही, अडकलेलं आहे. कुठेतरी घेतलेलं परत दिलं जात नाही, किंवा ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून कोणीतरी एसएमएसच्या सर्व्हरची वाट बघत बसलंय. हिकारीसीपीची गळती-तपासणी मूळ सेटिंगला बंद असते. दहा-वीस सेकंदांवर चालू केली की कनेक्शन कुठल्या ओळीत घेतलं ते लॉगमध्ये सापडतं. पूल 10 वरून 100 करणं हा उपाय नाही. पोस्टग्रेसची मूळ मर्यादाच 100 कनेक्शनांची, मायएसक्यूएलची 151. पोस्टग्रेसच्या जाणकारांचा जुना ठोकताळा आहे: सीपीयूचे जितके कोअर त्याच्या दुप्पट, अधिक डिस्कची संख्या. चार कोअर आणि एक डिस्क, म्हणजे नऊ. एका तालुक्याच्या बाजाराला नऊ कनेक्शनं पुरून उरतात, परत दिली गेली तर.

पावतीच्या मधोमध

इथपर्यंतचं सगळं रिकाम्या कनेक्शनबद्दल होतं. खरी गोची होते ती काम चालू असताना तुटलं तर.

पावती जतन करायची म्हणजे एक ट्रान्झॅक्शन: पावतीची नोंद, शेतकऱ्याच्या खात्यात जमा, हमाली-तोलाईची वजावट, आणि शेवटी कमिट. कमिटच्या आधी कुठेही तुटलं तर निदान एवढं पक्कं की डेटाबेस ते सगळं मागे घेईल. पण कमिट पाठवलं आणि उत्तर यायच्या आत तुटलं तर? कमिट पोचलं असेल आणि फक्त उत्तर हरवलं असेल. किंवा कमिटच पोचलं नसेल. ॲपच्या बाजूने दोन्ही अगदी सारखं दिसतं. एसक्यूएलच्या मानकात या अवस्थेसाठी स्वतंत्र कोडच आहे, 08007: ट्रान्झॅक्शनचा निकाल अज्ञात. मानक लिहिणाऱ्यांनीही हात टेकलेत म्हटल्यावर आपल्या लायब्ररीने ते जादूने सोडवावं अशी अपेक्षा नको.

म्हणूनच ड्रायव्हरमधलं आपोआप पुन्हा जोडण्याचं बटण बंद ठेवा. मायएसक्यूएलच्या सी लायब्ररीतली ही सोय 8.0.34 पासून कालबाह्य ठरवली आहे, आणि बरं झालं. नवं कनेक्शन म्हणजे नवी बैठक. चालू ट्रान्झॅक्शन गेलं, तात्पुरते टेबल गेले, घेतलेली कुलुपं सुटली, टाइमझोनची सेटिंग मूळपदावर आली. अशात ट्रान्झॅक्शनच्या दोन क्वेरी जुन्या कनेक्शनवर आणि तिसरी गुपचूप नव्यावर गेली, तर जमा न होता वजावट तेवढी नोंदली जाते. चूक दिसली असती तर परवडलं असतं.

पुन्हा प्रयत्न करायचा तो एका क्वेरीचा नाही, पूर्ण ट्रान्झॅक्शनचा, अगदी पहिल्या ओळीपासून, आणि तोही ॲपच्या पातळीवर. कुठल्या चुकांवर? कनेक्शनच्या वर्गातल्या, म्हणजे ज्यांचा कोड 08 ने सुरू होतो त्या, पोस्टग्रेस बंद होताना येणारा 57पी01, आणि डेडलॉक किंवा अनुक्रमाची टक्कर यांवर. शेवटच्या दोन्हींत डेटाबेसने सगळं मागे घेतल्याची खात्री असते. 'हा शेतकरी क्रमांक अस्तित्वात नाही' यासारख्या चुकीवर दहा वेळा प्रयत्न करून शेतकरी जन्माला येत नाही. प्रयत्न दोन-तीनच असू द्या, मधे थोडा वाढता आणि थोडा यादृच्छिक वेळ. लाइट आल्यावर बाजारातल्या सगळ्या दुकानांचे कॉम्प्युटर एकदम चालू होतात. सगळ्यांनी एकाच ठोक्याला पुन्हा प्रयत्न केला तर नुकता उठलेला डेटाबेस पुन्हा बसतो.

आणि हा प्रयत्न सुरक्षित व्हावा म्हणून पावतीला एक खूण हवी. पावतीचा फॉर्म पडद्यावर उघडतो तेव्हाच ब्राउझरमध्ये एक लांबलचक यादृच्छिक ओळख तयार करा. ती फॉर्मसोबत जाईल, पावतीच्या टेबलात स्वतंत्र रकान्यात बसेल, आणि त्या रकान्यावर युनिक इंडेक्स असेल. मुनीमजींनी बटण चार वेळा दाबलं, ॲपने तीनदा प्रयत्न केला, तरी ओळख तीच, म्हणून नोंद एकच. दुसऱ्यांदा आलेल्या मागणीला चूक दाखवू नका. आधीची पावती शोधून तीच परत द्या. पोस्टग्रेसमध्ये 9.5 पासून टक्कर झाली तर काही न करण्याची सोय आहे, मायएसक्यूएलमध्येही तिचा भाऊबंद आहे. ओळख सर्व्हरवर दर मागणीला नवी तयार केलीत तर या सगळ्याचा उपयोग शून्य. ही चूक मी वाचलेल्या कोडमध्ये फार वेळा दिसते.

यात एक बारीक गाठ आहे. कमिट पोचलंच नसेल, तर जुनं ट्रान्झॅक्शन डेटाबेसच्या बाजूला अजून उघडं असू शकतं. ॲप गेलंय हे डेटाबेसला कोणी सांगितलेलं नाही. लिनक्सची मूळ टीसीपी कीपअलाइव्ह 7,200 सेकंदांनी पहिली चौकशी करते, मग 75 सेकंदांच्या अंतराने नऊ वेळा. म्हणजे दोन तास अकरा मिनिटं. तेवढा वेळ त्या ओळखीवर जुन्या ट्रान्झॅक्शनचं कुलूप. तुमचा दुसरा प्रयत्न त्याच ओळखीने नोंद करायला जातो आणि त्या कुलपापाशी अडतो. मायएसक्यूएल 50 सेकंदांनी 1205 ही चूक देईल. पोस्टग्रेस मूळ सेटिंगमध्ये थांबूनच राहील. म्हणून डेटाबेसच्या बाजूलाही मुदती हव्यात. पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून रिकामं बसलेल्या कनेक्शनला हाकलण्याची सेटिंग 9.6 पासून आहे. या कामाला तीस सेकंद पुरेत. डेटाबेसची कीपअलाइव्हही एक-दोन मिनिटांवर आणा.

ज्या गोष्टी डेटाबेस मागे घेऊ शकत नाही त्या ट्रान्झॅक्शनमध्ये घालू नका. पावतीची छपाई कमिट पक्कं झाल्यावरच. शेतकऱ्याला जाणारा एसएमएस थेट पाठवू नका. 'पाठवायचे संदेश' असा एक टेबल करा, पावतीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये त्यात ओळ घाला, आणि पाठवण्याचं काम वेगळ्या प्रोसेसकडे द्या. एरवी पावती एक आणि एसएमएस तीन असा प्रकार होतो, आणि शेतकरी तिन्ही दाखवून तिप्पट चुकारा मागतो.

ऑडिटरसाठीही एक गोष्ट आताच करून ठेवा. आपोआप वाढणारा क्रमांक ट्रान्झॅक्शन मागे घेतलं तरी मागे येत नाही. कनेक्शन तुटल्यामुळे 1042 नंतर थेट 1044 येतो, आणि मार्चअखेरीस प्रश्न येतो की 1043 नंबरची पावती कुठे फाडली. तो क्रमांक आतल्या कामापुरता ठेवा. छापील पावती क्रमांकासाठी एक छोटा टेबल, त्यात शेवटचा क्रमांक, आणि तो त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये वाढवायचा. एका वेळी एकच पावती क्रमांक घेईल, म्हणजे थोडी रांग लागेल, पण पावतीपुस्तक अखंड राहील.

पडद्यावरच्या वाक्याकडेही बघा. 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' हे वाक्य दुबार नोंदीला आमंत्रण आहे. 'पावती नोंदली गेली का ते तपासतोय, बटण दाबू नका' असं लिहा, आणि खरोखर तपासा: ओळखीने पावती शोधा, सापडली तर दाखवा. नाही सापडली आणि डेटाबेस अजून बंद असेल तर तसंच स्पष्ट सांगा, म्हणजे मुनीमजी कागदी कच्ची पट्टी फाडून ट्रॅक्टर मोकळा करतील. ती पट्टी नंतर चढवायला फॉर्ममध्ये कच्च्या पट्टीच्या नंबरची जागा हवी.

मुद्दाम तोडून पाहा

हे सगळं हंगामाआधी, मृग निघाल्यावर बाजार निवांत असतो तेव्हा करून बघण्यात शहाणपण आहे. मायएसक्यूएलमध्ये वेट टाइमआउट 30 सेकंदांवर आणा, ॲप पुन्हा चालू करा (ही मुदत नव्या कनेक्शनला लागू होते, आधीच उघडलेल्यांना नाही), चहा घेऊन या आणि पावती काढा. निघाली तर चाक दाबून बघणं जमलं. पोस्टग्रेसमध्ये सगळी कनेक्शनं हाताने मारण्याचं फंक्शन आहे, ते चालवून बघा.

मग पॅकेट गिळणारी पेटी. चाचणीच्या सर्व्हरवर लिनक्सच्या फायरवॉलने डेटाबेसच्या पोर्टवरची पॅकेटं गुपचूप टाकून द्या. नकार कळवणारा नियम लावू नका. नकार मिळाला की चूक लगेच येते आणि चाचणी फुकट जाते. घड्याळ लावा. दहा-पंधरा सेकंदांत पडद्यावर माणसाला कळेल असं वाक्य आलं पाहिजे. पंधरा मिनिटं गोल फिरत राहिला तर सॉकेट टाइमआउट लागलेला नाही, किंवा कनेक्शनच्या पत्त्यात त्याचं नाव चुकीचं लिहिलंय. काही ड्रायव्हर चुकीचं नाव मुकाट्याने सोडून देतात. एकक सेकंद आहे की मिलिसेकंद तेही बघा. पोस्टग्रेसचा जावा ड्रायव्हर सेकंदांत मोजतो, मायएसक्यूएलचा मिलिसेकंदांत. एकाची सेटिंग दुसऱ्यात चिकटवली की दहा सेकंदांचे दहा मिलिसेकंद होतात आणि एकही पावती निघत नाही.

शेवटची चाचणी कमिटची. कोडमध्ये कमिटच्या अगदी आधी वीस सेकंदांचा थांबा घाला, जतनचं बटण दाबा, आणि त्या वीस सेकंदांत डेटाबेसच्या मशीनची नेटवर्क केबल उपटा. मिनिटभराने परत लावा. मुनीमजी करतील तसं मधे दोन-तीनदा बटणही दाबा. मग टेबलात त्या ओळखीच्या किती ओळी आहेत ते मोजा, शेतकऱ्याच्या खात्यातली जमा बघा, पाठवायच्या संदेशांच्या टेबलात किती ओळी ते बघा. तिन्ही ठिकाणी एक-एकच हवी. मग थांबा कमिटच्या नंतर आणि उत्तर पाठवण्याच्या आधी हलवा, आणि या वेळी केबल ब्राउझरच्या बाजूची उपटून तेच पुन्हा करा.